जुळ्यांचे डोहाळे

माझ्या आजोळी एक रीत होती. केळ्यांच्या फणीत जोडकेळे निघाले की ते लेकीसुनांच्या हाती लागू द्यावयाचे नाही. जोडकेळे खाल्ले तर जुळे होते, असा आजीचा पक्का समज. म्हणून ते परसातल्या गाईपुढे जाई. समज वेडगळ होता यात शंका नाही. पण त्यामागची भीती वेडगळ नव्हती. जुळ्याच्या बाळंतपणात बाई कशी हातची जाते, आणि सुपात निजविलेली दोन पोरे एकामागून एक कशी थंड पडतात, हे आजीने डोळ्यांनी पाहिले होते. आज जोडकेळ्याला कोणी भीत नाही. उलट आज आम्ही ते पैसे मोजून, चार तासांचा प्रवास करून, शहरात रांगेत बसून मागून घेतो.

सणासुदीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय काढला म्हणून वाचकांनी संपादकांना रागाचे पत्र लिहू नये. त्यांनी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा मी पुढल्या वर्षी देईन. शिवाय हा विषय सणाला परका आहे असेही नाही. भाऊबीजेला माहेरी जमलेल्या बायकांच्या घोळक्यात जरा कान देऊन बसावे. कोणाचे ‘चालू आहे’, कोणाचे ‘राहिले’, कोणाला ‘किती ठेवले’, याखेरीज दुसरी कुजबुज आजकाल क्वचितच ऐकू येते. आणि ‘दोन ठेवले’ असे कोणी म्हणाले की बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्या समाधानाशी माझे भांडण आहे.

मला म्हणावयाचे आहे ते असे : टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बाईच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण ठेवावा. दोन मागणारे आपण आणि मागितले म्हणून दोन देणारे डॉक्टर, दोघेही चुकत आहोत, आणि या चुकीची किंमत दोघांपैकी कोणीच देत नाही. ती तिसऱ्याच जिवाला द्यावी लागते.

मी वैद्य नव्हे. शिशुवर्गाची बाई आहे, मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. कादंबऱ्या लिहिते म्हणून चार माणसे मला शहाणी समजतात, तेवढेच. पण शिशुवर्गाच्या बाईला एक गोष्ट दिसते ती या उपचाराच्या केंद्रात बसून दिसत नाही. तेथल्या कागदावर ‘यश’ असे लिहिले की ती वही मिटते. माझ्याकडे ते यश तीन वर्षांनी दप्तर घेऊन येते.

टेस्ट ट्यूब बेबी हे नावच मुळी फसवे आहे. नळीबिळी काही नसते, एक उथळ बशी असते. बाईला दहा-बारा दिवस रोज सुया टोचून, एरवी महिन्याला एक पिकणारे स्त्रीबीज एकदम आठ-दहा पिकवावयाचे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत ते सुईने बाहेर काढावयाचे. बशीत त्यांची पुरुषबीजाशी गाठ घालावयाची. आणि जे रुजतील त्यांना तीन ते पाच दिवस उबेच्या कपाटात वाढू द्यावयाचे. पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा तो ठिपका मऊ, बारीक नळीतून गर्भाशयात सोडतात. वेदना यात फार नाहीत. त्या आधी होऊन गेलेल्या असतात. या शेवटल्या पायरीवर डॉक्टर विचारतात, ‘किती ठेवायचे?’ सगळा वाद या एका ‘किती’चा आहे.

या विद्येचा आरंभ ‘दोन’ने झालाच नव्हता, हे आपण विसरून गेलो. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईझ ब्राऊन जन्मली. तिच्या आईला त्या महिन्यात आपसूक पिकलेले एकच स्त्रीबीज पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी घेतले होते; त्याचा एकच भ्रूण झाला, आणि तो एकच ठेवला. साऱ्या जगाने ज्या बाळाचे कौतुक केले ते एकट्याने आलेले बाळ होते. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले. मी तेव्हा पाटीवर श्रीगणेशा गिरवीत होते.

मग एकाचे तीन-चार कसे झाले? त्या काळापुरते बोलावयाचे तर त्यात वावगे काही नव्हते. बशीतला भ्रूण रुजण्याची आशा तेव्हा फार थोडी होती. उरलेले भ्रूण टिकवून ठेवण्याची विद्याही कोवळी होती. गोठविलेल्या भ्रूणापासून पहिले मूल १९८४ साली ऑस्ट्रेलियात जन्मले, पण गोठविताना पाण्याचे स्फटिक होऊन कितीतरी भ्रूण फुकट जात. तेव्हा ‘आहेत तेवढे ठेवा, एखादा तरी धरेल’ हा अगतिकतेचा शहाणपणा होता. पुढे बशीतली जोपासना सुधारली, पाच दिवसांपर्यंत वाढवून त्यांतला तगडा भ्रूण निवडता येऊ लागला, आणि स्फटिकांना अवसरच न देता क्षणात गोठविण्याची रीत निघाली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर, भ्रूण आता वर्षानुवर्षे राहतो. अगतिकता संपली. सवय मात्र राहिली, आणि सवयीला आम्ही हौसेचे अंगडे-टोपडे घातले.

येथे एका मंडळींची जाता जाता विचारपूस केली पाहिजे. विलायतेत काही निघाले की ते आमच्या महाभारतात होतेच, असे म्हणून मिशीला पीळ देणारी ही मंडळी. गांधारीचे शंभर पुत्र म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच, असे एका व्याख्यानात मी या कानांनी ऐकले आहे. मला तो दावा मान्य नाही. पण ज्यांना मान्य आहे त्यांनी निदान कथा तरी नीट वाचावी! व्यासांनी त्या मांसगोळ्याचे एकशे एक भाग केले आणि तुपाने भरलेल्या कुंभांत ते ठेवले. एका कुंभात एक. ‘दोन ठेवा म्हणजे एक तरी राहील’ असे काही व्यासमुनी म्हणाले नाहीत.

असे म्हणाल्या त्या माझ्या विहीणबाई.

ही हकिगत माझ्या भाचीची आहे आणि तिच्या परवानगीने लिहीत आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. वांझ हा शब्द तोंडावर कोणी उच्चारीत नसे, पण ओटी भरताना पुढची बाई तिला टाळून जाई, आणि ती टाळणारी बाई नेहमी हसून टाळीत असे. शेवटी घरचे दागिने मोडून तिला शहरातल्या एका केंद्रात नेले. नऊ स्त्रीबीजे निघाली. सहा फळली. चार भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचले, आणि डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. भाची एकतीस वर्षांची, निरोगी, भ्रूण चांगले. एकच ठेवू असे म्हणण्याची ही जागा होती. डॉक्टरांनी ते म्हटले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनी ‘तुमची इच्छा’ असे म्हटले. विहीणबाई म्हणाल्या, ‘दोन ठेवा. एक गेला तर दुसरा आहे. आणि दोन्ही राहिले तर एका खर्चात संसार पुरा!’

मी तेथेच होते. मी काय म्हटले? मी हसले आणि म्हणाले, ‘लव-कुशांची जोडी येऊ दे.’ चौदा दिवसांनी रक्ततपासणी आली, पुढे सोनोग्राफीत दोन ठोके दिसले, तेव्हा शाळेत पेढे वाटले ते मीच. विहीणबाईंवर मला दगड मारावयाचा असेल तर पहिला मला माझ्याच कपाळावर मारून घेतला पाहिजे.

पाचव्या महिन्यापासून भाचीचे पाय सुजू लागले. मग रक्तदाब. अठ्ठाविसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता जीप करून तिला शहरात नेले, आणि पहाटे पोट चिरून दोन्ही मुले बाहेर काढली. मुलगी एक किलो पन्नास ग्रॅमची. मुलगा नऊशे ग्रॅमचा. नऊशे ग्रॅम म्हणजे किती, हे वाण्याच्या तराजूवर सांगता येते. माणसाच्या तराजूवर सांगता येत नाही. त्याच्या मांडीची जाडी माझ्या अंगठ्याएवढी होती. फुप्फुसे उघडली नव्हती. नवव्या दिवशी तो गेला. मुलगी सत्तेचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. भाचीला स्वतःचे दूध वाटीत काढून दारातल्या परिचारिकेकडे द्यावे लागे, आणि त्या दाराशी उभे राहिल्याशिवाय तिला दिवस सरल्यासारखा वाटत नसे. पेटीच्या बिलाने उपचाराच्या बिलाला केव्हाच मागे टाकले होते. ‘एका खर्चात’ हा शब्द त्यानंतर घरात कोणी काढला नाही.

त्या केंद्राच्या भिंतीवर बाळांची छायाचित्रे लावलेली आहेत. वर्षअखेरीस तेथे किती जणींना दिवस राहिले त्याचा आकडाही लागतो. भाचीची गणती त्या आकड्यात ‘यशस्वी’ या सदरात झाली असणार. चौदाव्या दिवसाची तपासणी यशस्वी होती यात खोटे काय? त्या आकड्यात नववा दिवस नसतो. मुलगी आता चार वर्षांची आहे. माझ्याच वर्गात, पहिल्या रांगेत बसते, कारण मागून तिला फळा दिसत नाही. जाड भिंगांचा चष्मा आहे. टाचा टेकून चालायला ती आता कोठे शिकते आहे. गाणी मात्र तिला साऱ्या वर्गाच्या आधी पाठ होतात.

एका घरच्या दुःखावरून साऱ्या जगाला नियम सांगू नये, हे मला कळते. म्हणून नंतर मी जे मिळेल ते वाचले, वैद्यकातल्या जाणत्या माणसांना गाठून विचारले. आपसूक जुळे म्हणजे शंभरेक बाळंतपणांत एखादे. त्यातही धोका आहेच : निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मतात, एकट्याने येणाऱ्या बाळांत हे प्रमाण दहांत एक असे काहीसे आहे. अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणजे श्वासाची लढाई, डोळ्यांची, मेंदूची. सेरेब्रल पाल्सी नावाचा जो मेंदूचा आजार हातपाय आखडून टाकतो तो एकट्या मुलापेक्षा जुळ्यांत सुमारे चौपट आढळतो. आणि आईला रक्तदाब, रक्तस्राव, शस्त्रक्रिया या सर्वांचाच धोका वाढतो. माणसाच्या मादीचे गर्भाशय एका पिलासाठी घडलेले आहे. ते शेळीचे नव्हे.

पण, तुम्ही म्हणाल, दोन ठेवले तर निदान एक मिळण्याची आशा दुप्पट होते ना? हेच विहीणबाईंचे गणित, आणि हेच सगळ्यांचे गणित. मी शाळेत चिंचोके मांडून बेरीज शिकविते. तेच चिंचोके येथे मांडून पाहू.

समजा, शंभर बायका आहेत आणि प्रत्येकीजवळ दोन चांगले भ्रूण आहेत. समजा, भ्रूण रुजण्याची आशा शेकडा चाळीस. सगळ्यांना दोन्ही एकदम ठेवले. हिशेब करा : सोळा जणींचे दोन्ही रुजतील, अठ्ठेचाळीस जणींचा एक रुजेल, छत्तीस रिकाम्या राहतील. ओटी भरली चौसष्ट जणींची. आता दुसरी रीत. आधी एकच ठेवा, दुसरा गोठवून ठेवा. चाळीस जणींना दिवस राहिले. उरलेल्या साठ जणींना काही महिन्यांनी दुसरा ठेवा. साठांचे शेकडा चाळीस म्हणजे चोवीस. चाळीस आणि चोवीस किती? चौसष्ट! तेवढ्याच ओट्या भरल्या. फरक एवढाच की पहिल्या रीतीत सोळा घरी जुळे आहे, सोळा घरी पेटीची, रक्तदाबाची टांगती तलवार आहे. आणि दुसऱ्या रीतीत जुळे जवळजवळ नाही, शिवाय चाळीस घरी एकेक भ्रूण पुढल्या मुलासाठी शिल्लक आहे. दुसऱ्या खेपेला पुन्हा सुया टोचून बीजे काढण्याचा सोपस्कारही नाही. हे गणित करावयाला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.

चिंचोक्यांचे गणित खऱ्या बायकांवर उतरते काय, हेही पाहिले गेले आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत छत्तीस वर्षांखालील ६६१ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. तो २००४ साली छापून आला. निम्म्यांना दोन भ्रूण एकदम, निम्म्यांना एक, आणि तो न रुजला तर नंतर एक गोठविलेला. दोनवाल्यांत शेकडा ४२.९ जणींना जिवंत मूल झाले, एकवाल्यांत ३८.८. थोडा फरक पडला, तो मी लपवीत नाही. तेव्हाची गोठविण्याची रीतही आजच्याइतकी सुधारलेली नव्हती. आता दुसरा आकडा वाचा. दोनवाल्यांच्या बाळंतपणांत जुळी होती शेकडा ३३.१. एकवाल्यांत ०.८. स्वीडनने तर प्रयोग छापून येण्याचीही वाट पाहिली नाही. २००३ सालीच तेथे एक भ्रूण हा सर्वसाधारण नियम झाला, आणि जुळ्यांचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपास उतरले. मुले होण्याचे प्रमाण काही उतरले नाही. इंग्लंडमध्ये १९९० नंतरच्या दशकात या उपचाराच्या बाळंतपणांत शेकडा २८ जुळी-तिळी असत. त्यांच्या सरकारी प्राधिकरणाने केंद्रांच्या मागे लागून लागून २०१९ साली तो आकडा सहावर आणला.

‘ते श्रीमंत देश आहेत,’ असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने बेल्जियमचा किस्सा ऐकावा. १ जुलै २००३ पासून तेथे बाईचे त्रेचाळिसावे वर्ष पुरे होईतो सहा खेपांचा प्रयोगशाळेतला खर्च सार्वजनिक विम्यातून मिळू लागला. अट अशी की, छत्तीस वर्षांखालच्या बाईला पहिल्या खेपेस एकच भ्रूण. हे औदार्य त्यांनी दयेपोटी केले नाही, जमाखर्च मांडून केले : जुळी-तिळी कमी झाली की काचेच्या पेट्यांवरचा जो पैसा वाचतो, त्यातूनच उपचाराचा खर्च निघावा. पैसा तोच. आधी तो आजारी बाळांवर जात होता, मग मूल नसलेल्या बायकांवर जाऊ लागला.

आमचे खरे दुखणे येथे आहे आणि ते मी नाकारीत नाही. ज्या बाईने दागिने मोडून एक खेप केली तिला दुसरी खेप दिसतच नाही. तिला वाटते, जे काय आहे ते याच डावात मांडावे. विहीणबाई लोभी नव्हत्या हो. त्या घाबरलेल्या होत्या. म्हणून ज्यांना सरकारकडे काही मागावयाचे असेल त्यांनी हे मागावे. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हा उपचार विनामूल्य सुरू झाला. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात का होऊ नये? आणि होईल तेव्हा बेल्जियमची अटही त्याच कागदावर लिहिलेली असावी. पण तोवर खासगी केंद्रांनी एवढे तरी करावे : गोठविलेल्या भ्रूणाची दुसरी खेप पहिल्या खेपेच्या दरातच धरावी. ‘दोन खेपांत एक-एक’ हा एकच सौदा म्हणून विकावा. सौद्याची भाषा मी मुद्दाम वापरते आहे. भिंतीवर जाहिरात लावणाऱ्यांना तीच लवकर कळते.

सगळ्याच डॉक्टरांना मी एका दावणीला बांधीत नाही. बाई चाळिशीकडे झुकलेली आहे, दोन-तीन खेपा वाया गेल्या आहेत, भ्रूण तोळामासा आहेत, अशा वेळी दोन ठेवण्याचा विचार झाला तर तो समजण्यासारखा आहे. तेथे माझ्यासारखीने तोंड घालू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाईचे वय अधिक म्हणून दुसऱ्या तरुण स्त्रीचे बीज घेतात. आपल्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज देणारी २३ ते ३५ वर्षांची असते, आणि उपचार घेणारी ५० पर्यंतची चालते. म्हणजे भ्रूण तरुण, जोमदार. ठेवले की रुजणारा. आणि गर्भाशय, हृदय, मूत्रपिंड पंचेचाळिशीचे. तेथे ‘वय झाले म्हणून दोन ठेवू’ असे म्हणणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला दोन गाड्या जोडण्यासारखे आहे. याच आपल्या देशाने २०२२ च्या सरोगसीच्या नियमांत, परक्या आईच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण ठेवावा, विशेष कारण असेल तरच तीनपर्यंत, असे लिहून ठेवले आहे. परक्या बाईच्या पोटाची ही जी काळजी, ती आपल्या सुनेच्या पोटाची आपण का वाहू नये?

हौसेला लगाम नसला म्हणजे काय होते तेही जगाने पाहिले आहे. २६ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका बाईला एकदम आठ मुले झाली. घरी आधीची सहा होतीच. तिच्या गर्भाशयात बारा भ्रूण ठेवले होते. पुढे २०११ साली त्या डॉक्टराचा परवाना गेला. आपण त्या बातमीवर हसलो. बारा ठेवणाऱ्यावर हसावयाचे आणि दोन मागणाऱ्याला पेढा द्यावयाचा, यात फरक आहे तो आकड्याचा.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. तीन-चार रुजले, किंवा दोनही आईला झेपेनासे दिसले, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ‘एक कमी करू’ असे सुचविले जाते. म्हणजे सुईने त्या एवढ्याशा हृदयात औषध सोडून ते थांबवावयाचे. कधी कधी ते करावेच लागते, आणि करणाऱ्या डॉक्टरला मी दोष देत नाही. पण ज्या आईने सहा वर्षे एका ठोक्यासाठी नवस केले, तिने पडद्यावरच्या दोन ठोक्यांतला कोणता थांबवू द्यावा? एकच ठेवला असता तर हा प्रश्न तिच्यापुढे येऊन उभा राहिला नसता.

जुळ्यांवर माझा राग नाही, हे सांगावयास नको. माझ्या वर्गात आजवर नऊ जोड्या येऊन गेल्या, एकीचे बक्षीस दुसरीला देण्याची चूकही माझ्या हातून झाली आहे. एकच भ्रूण ठेवला आणि तो आपणहून दुभंगून जुळे झाले, असेही शंभरांत एखाद-दोन वेळा होते. देवाने दिले तर दोन्ही हातांनी घ्यावे. आपण होऊन मागू नये, एवढेच माझे म्हणणे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा मूल केव्हा आणि किती हवे हे बाईच्या प्रकृतीने ठरवावे, असे म्हटल्याबद्दल त्यांना लोकांनी काय काय ऐकविले! शंभर वर्षे झाली. ‘किती’ हा प्रश्न आजही बाईची प्रकृती सोडून बाकी सगळे ठरवितात.

केंद्रांना माझे एकच मागणे आहे. भिंतीवरचा आकडा बदला. किती जणींना दिवस राहिले ते सांगू नका. किती जणी पुऱ्या दिवसांच्या, अडीच किलोच्या वरच्या, एकेका बाळाला घेऊन घरी गेल्या ते सांगा. शिशुवर्गाच्या बाईला तेवढेच यश ओळखता येते.

भाचीचे दोन भ्रूण अजून त्या नायट्रोजनमध्ये आहेत. दरवर्षी त्यांचे भाडे भरावे लागते. ती पुन्हा जाणार आहे, कार्तिकी एकादशी झाली की. वसुबारसेला ती केंद्राचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती. त्यात ‘भ्रूणांची संख्या’ असा एक रकाना आहे आणि तो कोरा आहे. ‘मावशी, सासूबाई म्हणतात दोन्ही ठेवून टाक, भाडं तरी वाचेल,’ ती म्हणाली. मुलगी तिच्या मांडीवर माझ्या वर्गातले गाणे म्हणत होती. मी म्हटले, ‘भाडं मी भरते.’ ती म्हणाली, ‘ते तू त्यांना सांग. माझं नाही ऐकत.’

विहीणबाईंशी समोरासमोर बोलण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. त्या नातवाचे नाव निघाले की उठून आत जातात. पण दिवाळी अंक त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. म्हणून कथा बाजूला ठेवून हा लेख दिला. अंक त्यांच्या पत्त्यावर पाडव्याच्या आत पोचावा, एवढी संपादकांना विनंती केली आहे.